छपराची हिरवी बाजू

उमरेडहून सकाळच्या एसटीनं आलेला एक माणूस नागपुरात महाल भागातल्या माझ्या सासरच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रामभाऊची बहीण तुम्हीच काय?" मी कणकेच्या हातानंच बाहेर आले. अशा वेळी रक्ताच्या माणसाला आधीच कळतं म्हणतात. मला काही म्हणता काही कळलं नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, दादानं नेहमीसारखी रानातली पिकली टेंभरं पाठवली असतील असं वाटलं, म्हणून मी विचारलं, "पिशवी कुठं आहे?" तो बिचारा खाली बघत म्हणाला, "बाई, रात्री चांगले जेवून झोपले. सकाळी चहासाठी हाक मारली तर..." माझ्या हातांवरची कणीक तिथंच वाळली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण ते 'पिशवी कुठं आहे' माझ्या कानातून जात नाही. भाऊ गेल्याचं सांगायला आलेल्या माणसाकडे मी टेंभरांची पिशवी मागितली.

माझा दादा रामकृष्ण. गल्लीसाठी रामभाऊ, आणि लहानपणापासूनचा दोस्त सोनबाजी याच्यासाठी नुसता रामा. आम्ही नाईक तलावाजवळच्या विणकरांच्या गल्लीतले. सकाळी डोळा उघडायचा तो मागाच्या खटक्यानं आणि रात्री मिटायचा तोही त्याच्याच आवाजात. बाबांच्या मागावर दादानं बसायला हवं होतं, पण त्याचं मन धाग्यात नव्हतं, लोखंडात होतं. शहरातल्या एका शेड बांधणाऱ्या कारखान्यात तो लागला. गोदामांची छपरं, सायकल स्टँड, बाजाराचे ओटे झाकणं, असली कामं. मागावर बसली ती त्याची बायको, आमची सुलोचनावहिनी. लुगड्याच्या काठात करवत काढावी तर तिनंच. करवत म्हणजे करवतीच्या दातांसारखा रेशमी काठ. एक धागा चुकला की दात मोडतो आणि अख्खं लुगडं बोडकं दिसतं. मूलबाळ त्यांना झालं नाही. दोघं एकमेकांशी बोलताना मी फारसं ऐकलंही नाही. दादा मुखदुर्बळ आणि मी ही अशी फटकळ. आई म्हणायची, देवानं दोघांचं तोंड एकीलाच दिलं. त्या काळी आमच्या गल्लीत बायकोला नावानं हाक मारली तरी लोकांना आठवडाभर पुरायचं. पण वहिनीच्या मागाचा खटका मध्येच थांबला की दादा जेवता जेवता थांबायचा, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

दादाची गोष्ट सांगायची तर पाजणीची सांगावी लागते. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. मागावर चढवण्याआधी त्यांना खळ पाजतात, म्हणून ती पाजणी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ओढून धरायचा, खळ लावायची, आणि लांब कुंच्यानं धागान् धागा सुटा करत वाळवायचा. सगळं काम उघड्यावरचं. खळ लागलेल्या ताण्यावर पावसाची एक सर आली की त्याची दोरी झाली म्हणून समजा. त्यामुळं पावसाळ्यात पाजणी बंद, पाजणी बंद की माग बंद, आणि माग बंद की चूल अर्धी बंद. सन सत्तरच्या आसपास गल्लीनं ठरवलं की आपल्या मागच्या मैदानात एक लांबलचक, बाजूंनी उघडं शेड बांधायचं आणि बारा महिने पाजणी करायची. काम अर्थातच दादाकडे आलं. घरचा माणूस असताना बाहेर कोणाला विचारणार?

आमचं घर उंच जोत्यावर आणि मागचं मैदान खोलगट. वहिनीचा माग मागच्या खोलीत, खिडकीला लागून. शेड उभं राहिलं की त्याचं छप्पर त्या खिडकीच्या बरोबर खाली, आमच्याकडेच उतरतं येणार होतं. ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. गल्लीतल्या कडुलिंबाखाली बैठक बसली ती दुसऱ्याच प्रश्नावर: छप्पर साधं की रंगीत? आमच्याकडे पत्र्याला टिन म्हणतात. साधं टिन म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, पांढरं, चकचकीत. रंगीत म्हणजे तेच जस्ती टिन, पण कारखान्यातच हिरवं रंगवून आणलेलं. तेव्हा ती नवी टूम निघाली होती, आणि दादाच्या कारखान्यातही असं रंगवायला लागले होते. पण दादाचं मत जगजाहीर होतं. लग्नाच्या पंगतीत बसला असला तरी कोणी विचारलं की हा सांगायचा, "नव्या जस्तावर रंग बसत नाही गा. त्याले एक पावसाळा उघडं राहू द्या. चमक मरते, अंग खरबरीत होते, मंग ते रंग धरते. नाही तर लावूच नका. जस्त हाच त्याचा रंग." तेव्हा साधं टिन ठरलं. पाजणीत गल्लीतला पहिला मान सोनबाजीचा, आणि त्यानं जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. त्यानंही मान हलवली.

सांगाडा उभा राहिला आणि वैशाखातल्या एका दुपारी थोडी टिनं वर चढली. मी दादासाठी ताक घेऊन गेले होते म्हणून मला हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगता येतं. दोन कामगार छपरावर होते, दादा खाली मैदानात. ऊन टिनावर पडून आमच्या मागच्या भिंतीवर उसळत होतं, तलावाचं पाणी हलतं तसं. मागच्या खोलीतला मागाचा खटका थांबला. दादानं मान वर केली. वहिनी मागावरून उठली, खिडकीशी आली आणि तिनं एक झडप ओढून घेतली. बस, एवढंच. दादानं ताकाचा लोटा हातात तसाच धरला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लगेच वाचता आलं: काठाचे धागे हिला दिसेनासे झाले. आपण हिच्या डोळ्यांवर हे काय आणून ठेवलं...

दुसऱ्याच दिवशी त्यानं चढवलेली टिनं उतरवली आणि लिंबाखाली जाऊन सांगितलं, "रंगीत टिन लावतो. शोभा येईन."

सोनबाजी हातातली विडी विझवत म्हणाला, "लग्नाचा मांडव नाही गा हा, पाजनीचं शेड हाय. शोभा कोनाले पाहाची हाय?"

"आता धुऊन-पुसून रंगवते. पह्यल्यासारखं नाही राहिलं."

"तूच म्हनत होता ना, नव्या जस्तावर रंग बसत नाही?"

"ते तवाचं," दादा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच खोट आली. पण समोरच्यांना ती दिसली नाही. विणकराला धाग्यातलं कळतं, टिनातलं रामभाऊला कळतं, असा साधा हिशोब होता. लोकांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. मी घरी आल्यावर त्याला म्हटलं, "दादा, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे काहून गा?" तर मला चिडवत म्हणतो कसा, "तुले नाही समजत, मास्तरीण. कोनापाशी बोलू नको." मला पक्कं समजत होतं. खरं सांगते, मनातून मला फार बरं वाटलं होतं. बायकोच्या डोळ्यांची काळजी करणारा नवरा त्या गल्लीत दिवा लावून शोधावा लागला असता, आणि तो नेमका माझा भाऊ होता. मी तोंड मिटून बसले, जे माझ्याच्यानं सहसा होत नाही.

छप्पर झालं, वरून-खालून हिरवंगार. आणि काय सांगू, पावसाळ्याचा पहिला महिना गल्लीत सण असल्यासारखा गेला. बाहेर पाणी धो धो, आणि शेडखाली पांढरे ताणे ऐटीत पसरलेले. बायकांनी शेडच्या खांबाला हळद-कुंकू वाहिलं. सोनबाजी कुंचा मारता मारता वर बघून म्हणाला, "रामा, मानलं गा तुले." दादा लाजून हसला. तो तसा हसलेला मी नंतर पाहिला नाही.

पोळ्याच्या सुमाराला रंगानं अंग सोडायला सुरुवात केली. आधी बोल्टांच्या भोकांपाशी, मग पन्हाळीच्या कडांना. खाली ओल्या ताण्यांची वाफ, वर पावसाचा गारवा. टिनाला आतून घाम फुटायचा आणि नव्या गुळगुळीत जस्तावरून हिरवे पोपडे सुटायचे. वाऱ्याच्या एका झोतासरशी ते खाली आले ते नेमके सोनबाजीच्या धोतरांच्या ताण्यावर. खळ ओली. पोपडे त्यात असे बसले की काढायला जावं तर धागा तुटावा. ठेवावे तर पांढऱ्याशुभ्र धोतरावर हिरवं पुरळ. इतवारी बाजारातला व्यापारी असलं कापड हातातही धरत नाही. सोनबाजी ओरडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर दादा सुटला असता. तो एवढंच म्हणाला, "टिन साधंच पायजे होतं गा, रामा." ताणा गुंडाळून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आभाळ भरलेलं असताना दुसरा ताणा गल्लीत उघड्यावर लावला. मग एकेक करत बाकीचेही शेडखालून निघाले.

दादानं तारेचा ब्रश घेतला. कारखान्यातून आला की शिडी लावायची आणि खालून रंग खरवडायचा. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून. डोक्यावर, खांद्यावर, भुवयांवर हिरवा भुसा. कोणाची मदत घ्यायचा नाही. दिवाळीपर्यंत त्यानं सगळं छप्पर आतून उघडं केलं. पण वरून? वरून त्यानं एक नखसुद्धा लावलं नाही. आणि इथंच त्याची झाकली मूठ उघडी पडली. एक दिवस कोणी तरी सुटलेला बोल्ट आवळायला वर चढला आणि तिथूनच हाळी दिली, "अरे, वरून तर हिरवंच ठेवलं हाय. खालून खरवडलं अन् वरून ठेवलं, हे कोनासाठी?" असं म्हणून त्यानं मान वळवली, तर समोर आमची खिडकी आणि खिडकीत मागावर बसलेली वहिनी. बाकी कुठूनही त्या छपराची वरची बाजू दिसत नव्हती. खाली उभ्या माणसांना अर्थ लावायला वेळ लागला नाही. हसण्याचा जो काही गलका झाला... त्या दिवसापासून दादा दिसला की कोणी ना कोणी म्हणायचं, "काय रामभाऊ, डोळ्याले थंडावा हाय ना?" दुसरा कोणी असता तर 'हो, हाय' म्हणून हसण्यावारी नेलं असतं. पण सोनबाजीचा ताणा खराब झाला होता. बायकोच्या डोळ्यांसाठी आपण दोस्ताचं सूत नासवलं, हे एकदा डोक्यात बसल्यावर त्याला हसता कसं येणार?

पुढच्या पावसाळ्यात उरलंसुरलंही गेलं. तारेच्या ब्रशनं रंगाबरोबर जस्तही खरवडून निघालं होतं. टिन आतून गंजलं आणि लाल थेंब टपकू लागले. हिरवं पुरळ गेलं, तांबडे डाग आले. शेडखाली मग लाकडं आली, बैलगाडीची चाकं आली, कोणाच्या घरी कार्य असलं की आचाऱ्यांच्या चुली आल्या. पाजणी तेवढी परत आली नाही. दादानं उमरेडकडे कोळशाच्या खाणीजवळ एका कारखान्यात काम धरलं. वहिनी इथंच राहिली, कारण तिचा माग खड्ड्याचा, जमिनीत रोवलेला, आणि तिच्या काठाचं गिऱ्हाईक नागपूरचं. दादाची सुट्टी शनिवारी असायची. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा, शनिवारभर मागच्या ओट्यावर बसायचा, रविवारी पहाटे जायचा. येताना मैदानातली जवळची वाट सोडून सगळ्या गल्लीला वळसा घालून यायचा, शेडखालून जावं लागू नये म्हणून. नवरा-बायकोचा संसार असा एसटीच्या वेळापत्रकावर चालला, आणि त्याला कारण काय तर त्यानं तिच्यासाठी घातलेलं छप्पर. याचा मला अजून राग येतो. कोणावर येतो ते सांगता येत नाही.

पुढं गल्लीतले माग बसतच गेले. यंत्रमाग आले, टेरिकॉट आलं, पोरं गिरणीत आणि ऑफिसात शिपाई म्हणून लागली. मी दादाला कितीदा समजावलं, "अरे, आख्ख्या विदर्भातले हातमाग बसून राहिले, ते काय तुझ्या हिरव्या रंगानं?" तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तिकडचं मले मालूम नाही. इथलं पावसाळ्याचं काम मी बंद पाडलं." एकदा माणसानं स्वतःला शिक्षा सुनावली की वकील तरी काय करणार.

त्याला शेवटचं भेटले ती गेल्या हिवाळ्यात, उमरेडला. एक खोली, खाट, स्टोव्ह, खुंटीवर दोन सदरे. मी जाऊन जरा झाडलोट करावी म्हटलं तर खाटेखाली रंगाचा डबा निघाला, हिरव्या रंगाचा, झाकणही न उघडलेला. मी म्हटलं, "हे काय गा दादा, पुन्हा?" तो थोडा चपापला. मग पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलला, कदाचित वय झालं म्हणून असेल. "आता इतके पावसाळे झाले. टिनाचं अंग खरबरीत झालं असन, आता रंग धरीन. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी घेतो अन् वरून एक हात मारतो."

"पण चमक आपोआप मरते म्हणून तूच सांगत होता ना?"

"मरते. पन ती तर अजून दुपारी झडप लोटते ना, शके. मी शनिवारी पायतो ना ओट्यावरून."

मी डबा पुन्हा खाटेखाली सरकवला आणि इतक्या वर्षांचा मनातला प्रश्न विचारला. "तिच्यासाठी रंगवलंस ते समजलं. पण मग वरूनच रंगवायचं होतं. खालून साधं राहिलं असतं तर सोनबाजीचा ताणा वाचला असता. दोन्ही अंगांनी काहून रंगवलं?" दादा स्टोव्हची वात उगाच खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "एकाच अंगानं रंगवलं असतं तर लोकायनं इचारलं असतं, वरून कोन पायते? वरून तर आपलंच घर पायते. दोन्हीकडून रंगवलं म्हनून शोभेसाठी म्हनता आलं." एवढी साधी गोष्ट होती. बायकोच्या डोळ्यांना त्रास होतो हे चार माणसांत म्हणायची लाज, आणि त्या लाजेपायी खालचं अंग रंगवलं. लिंबाखाली जाऊन त्यानं ते एक वाक्य बोलायला हवं होतं. लोक हसले असते, फार तर आठवडाभर हसले असते. बायकांनी तर त्याला डोक्यावर घेतलं असतं. नाही तर गप्प राहून एक पावसाळा जाऊ द्यायचा होता. बोलणं जमलं नाही आणि थांबणं, जे तो जगाला शिकवत होता, तेही जमलं नाही. कळतं पण वळत नाही, दुसरं काय.

दादा गेला त्या दिवशी त्याला ट्रकनं नागपूरला आणलं तेव्हा दुपार झाली होती. ऊन असं की पायाखाली माती भाजत होती. घरात माणसं मावेनात. कुठं ठेवायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले तेव्हा सोनबाजी काठी टेकत पुढं आला आणि म्हणाला, "शेडखाली ठेवा. त्याचंच छप्पर हाय ते." ज्या शेडखालून जायचं माझ्या भावानं इतकी वर्षं टाळलं, तिथं त्याला सावलीत ठेवलं. सगळी गल्ली त्या छपराखाली उभी राहिली. त्या दिवशी ते कोणाला अपुरं पडलं नाही. सोनबाजी माझ्याजवळ येऊन खांबाला टेकून बसला. म्हणाला, "त्या ताण्याचं मी धोतर इनलंच होतं, शकूबाई. फेकत काय? घरातल्या घरात फाटेपर्यंत नेसलो. कोनी इचारे, हे हिरवे ठिपके कायचे, तर मी म्हनो, आमच्या रामाच्या टिनाचे. त्याले वाटे मी रागात हाव. मले वाटे तो लाजून राहिला. दोघंही आपापल्या घरी बसलो." असं म्हणून त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. हे तो दादाला उमरेडला जाऊन सांगू शकला असता. एसटी तर रोजच जाते.

परवा मी वहिनीकडे गेले. उमरेडच्या खोलीतलं सामान आलं होतं. सामान म्हणजे काय, खाट, स्टोव्ह आणि तो रंगाचा डबा. डबा तिनं मागाजवळ, खिडकीखाली ठेवला होता. मी खिडकीतून खाली पाहिलं. छपरावर हिरवा रंग नावालाही राहिलेला नाही. टिन मळकट, राखाडी झालं आहे, ऊन त्यावर पडतं आणि तिथंच मुरतं. मी म्हटलं, "वहिनी, आता कुठं येतो डोळ्यांवर उजेड? दादा तर शेवटपर्यंत म्हणत होता की तुम्ही झडप लोटता म्हणून."

वहिनीनं मागावरचा हात थांबवला. म्हणाली, "कधीच नव्हता येत वं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी टिनावर दोन मानसं चढली होती ना. खिडकीच्या बरोबरीनं. ते सरळ घरात पाहून राहिले होते, अन् माझा पदर मागावर सुटलेला. मले लाज वाटली म्हनून झडप ओढली. उजेड तर मले बरा वाटला होता. काठाचे धागे कसे साफ दिसत होते."

मी म्हटलं, "अहो, मग सांगायचं होतं ना त्याला."

"काय सांगू? त्यायनं रंग माझ्यासाठी लावला हे मले त्या दिवशी समजलं, जवा सारी गल्ली हासून राहिली होती. आधी त्यायनं इचारलं नाही, मी सांगतलं नाही. अन् मंग कोन्या तोंडानं सांगू? लोकं हासले, सोनबाजीचं सूत गेलं, दोस्ती गेली... त्याच्यावर मी सांगू, का तुमचं तेही फुकट गेलं?" तिनं धोटा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "वरचा रंग उडाले लागला तवा शनिवारी मले इचारे, आता डोळ्यावर येत असन ना? नाही म्हटलं असतं तर त्यायले समजलं असतं, का साध्या टिनाचा मले कवाच तरास नव्हता. म्हनून दुपार झाली का मी झडप लोटो. त्यायले ओट्यावरून दिसे. वाटे का, चला, ज्याच्यासाठी केलं ते तरी खरं होतं."

दादा तिच्यासाठी रंगाचा डबा खाटेखाली जपून ठेवत होता आणि ही त्याच्यासाठी झडप लोटत होती. दोघांनी एकमेकांना इतकं सांभाळलं की एकमेकांना काही सांगायचंच राहून गेलं. मला दोघांचा सारखाच राग आला आणि दोघांसाठी सारखंच रडू आलं.

वहिनी पुन्हा मागाला लागली. खटका सुरू झाला. करवतीचे दात एकेक करत काठात उभे राहत होते आणि मी ते बघत बसले होते. ऊन चढत चढत डोक्यावर आलं, मागचा ओटा तापला. खटका थांबला. वहिनी उठली, खिडकीशी गेली आणि तिनं एक झडप हळूच अर्धी ओढून घेतली.

मी म्हटलं, "वहिनी, आता काहून?"

तिचा हात झडपेवरच होता. खालच्या रिकाम्या ओट्याकडे बघत ती म्हणाली, "शनिवार हाय ना वं आज."